रक्त वाढले म्हणजे प्रकृती सुधारली काय?

वाचकहो, आमचा जत तालुका पर्जन्यछायेतला, अवर्षणाचा. येथील घरांत ‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. बाळंतिणीला खजूर, आजाऱ्याला पालेभाजी आणि डाळिंबाचे दाणे, अशी आपली काळजीची रीत. त्यामुळे रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिनचा आकडा वर चढलेला दिसला की घरात समाधान पसरते. टेस्टोस्टेरॉनचे उपचार घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत मात्र हे समाधान जपून मानावे लागते. आमच्या घरी आलेला अनुभव आपल्यापुढे ठेवतो, तो याच कारणासाठी.

माझे थोरले बंधू अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. काही वर्षांपूर्वी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीवरील गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. ही ग्रंथी शरीरातील इतर ग्रंथींना आज्ञा देते. ती दुर्बल झाल्यामुळे अण्णांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे तयार होईना. थकवा, स्नायूंची झीज, उदासपणा अशी लक्षणे दिसू लागली, तेव्हा डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन सुरू केले. थायरॉईड कमी पडल्यावर गोळी घ्यावी, तसाच हा उपचार. पण ‘पुरुषी हार्मोन’ म्हटले की आपल्याकडे माणसे नजर चुकवतात. अण्णा आपली फाईल ट्रंकेत कपड्यांखाली ठेवीत. या संकोचाची किंमत मोठी असते, कारण जे लपवले जाते त्यावर घरातील कोणाचेच लक्ष राहत नाही.

एका वैशाखात त्यांचा अहवाल आला. हिमोग्लोबिन 18.3, हिमॅटोक्रिट 55 टक्के आणि टेस्टोस्टेरॉनही कमाल मर्यादेच्या वर. अण्णांना आनंद झाला, ‘या वयात एवढे रक्त!’ म्हणून. सूनबाई मात्र ठळक छापलेले आकडे पाहून घाबरल्या आणि इंजेक्शन आजच बंद करावे म्हणू लागल्या. दोघांच्याही मनात अण्णांचे हितच होते, पण आकड्याचा अर्थ दोघांनाही लागला नव्हता.

तो अर्थ असा. हिमॅटोक्रिट, म्हणजेच काही अहवालांत छापलेले ‘पीसीव्ही’, हे रक्ताच्या शंभर भागांत तांबड्या पेशी किती भाग आहेत ते सांगते. पुरुषांत तो साधारणपणे 40 ते 50 असतो आणि ढोबळमानाने हिमोग्लोबिनच्या तिप्पट भरतो. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी अधिक बनवण्यास प्रवृत्त करते. म्हणून उपचारापूर्वी, सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी ही तपासणी करावी लागते. पेशी फार वाढल्या की रक्त दाट होते आणि गुठळीची भीती निर्माण होते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांपलीकडे गेल्यास तो सुरक्षित पातळीवर येईपर्यंत उपचार थांबवावा, कारण शोधावे आणि मग कमी मात्रेने पुन्हा सुरू करावा. हे थांबवणे आणि सुरू करणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयाचे असते.

आम्ही मिरजेस गेलो. डॉक्टरांनी आकड्यांवर बोट ठेवण्याआधी प्रश्न विचारले. रक्त कोणत्या दिवशी दिले? अण्णांनी ते इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी दिले होते. या प्रकारच्या इंजेक्शननंतर पहिल्या काही दिवसांत टेस्टोस्टेरॉनची पातळी शिखरावर असते आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत ती उतरत जाते. म्हणून दोन इंजेक्शनांच्या मधोमध तपासणी केली, तर खरा अंदाज येतो. दीर्घ मुदतीच्या इंजेक्शनचा आणि जेलचा नियम वेगळा असतो, तो आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा.

दुसरा प्रश्न पाण्याचा होता. ‘उपाशीपोटी या’ याचा अर्थ अण्णांनी पाणीही वर्ज्य असा घेतला होता. आदल्या रात्रीपासून घोटभर पाणी नाही, त्यात वैशाखातला उन्हाळा. शरीरातील पाणी घटले की रक्तातील द्रव भाग कमी होतो आणि पेशींचे प्रमाण आहे त्याहून जास्त दिसते. उपाशीपोटीच्या तपासणीस साधे पाणी सहसा चालते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

पुढचे इंजेक्शन लांबवून, योग्य दिवशी, पाणी पिऊन पुन्हा रक्त दिले. हिमॅटोक्रिट 52 आला, म्हणजे सगळा दोष उन्हाचा नव्हता. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. अण्णा झोपेत मोठ्याने घोरतात, मध्येच त्यांचा श्वास अडखळतो, हे वहिनींनी सांगितले तेव्हा झोपेची तपासणीही करवली, कारण रात्री प्राणवायू कमी पडला तरी शरीर तांबड्या पेशी वाढवते. धूम्रपानानेही तेच होते. चार महिन्यांनी आकडा 49 वर आला.

पीएसए या प्रोस्टेटच्या तपासणीकडेही असेच पाहावे. उपचाराच्या पहिल्या वर्षात तो 1.4 नॅनोग्रॅमहून अधिक वाढला, किंवा फेरतपासणीतही 4 च्या वर राहिला, तर मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परंतु लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी यांमुळेही तो चढतो, तेव्हा कर्करोगाची धास्ती लगेच घेऊ नये. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. काही यंत्रांवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा वाढलेला दिसतो.

हा उपचार कितपत सुरक्षित, असे आपण विचाराल. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीत 45 ते 80 वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष होते. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले नाही. मात्र हृदयाची अनियमित गती, फुप्फुसातील गुठळी आणि मूत्रपिंडाची अचानक होणारी इजा हे प्रकार त्यांच्यात थोडे जास्त दिसले. म्हणून ज्याला खरी गरज आहे त्याने हा उपचार निर्धास्तपणे, पण तपासण्या न चुकवता घ्यावा. केवळ वार्धक्याचा थकवा घालवण्यासाठी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तो कोणी घेऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक साधी वही ठेवावी. इंजेक्शनची तारीख, रक्त दिल्याची तारीख व वेळ, हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, टेस्टोस्टेरॉन, पीएसए आणि चालू असलेली सर्व औषधे तीत लिहावीत. एका अहवालापेक्षा चार अहवालांची ओळ डॉक्टरांना अधिक सांगते. आणि एक पाय एकाएकी सुजून दुखू लागला, दम लागला, छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली किंवा एक बाजू लुळी पडली, तर वही शोधत बसू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.