नवी शनाया, नवी मुक्ता

भिवंडीत, पद्मानगरच्या आमच्या गल्लीत, मालिका ऐकू कमी यायची. भिंतीपलीकडे लूम चालू असले की टीव्ही कितीही मोठा करा, निम्मे संवाद खटखटीत बुडायचे. आई आणि शेजारची तेलुगू अक्का भुवया, ओठ, पदर सावरण्याची तऱ्हा यांवरून गोष्ट समजून घ्यायच्या. त्यामुळे एखाद्या भूमिकेतला नट बदलला की आमच्याकडे अख्खं माणूसच हरवायचं.

पहिला हरवला तो मिहीर. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये अमर उपाध्यायच्या जागी आधी इंदर कुमार आला, मग रोनित रॉय. टोरंट कंपनी यायच्या आधीचे, म्हणजे 2007 पूर्वीचे ते भारनियमनाचे दिवस. नेमका बदलाचा भाग अंधारात जायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोसमोर, तुलसीसमोर, भलताच पुरुष उभा. मग जिन्यात चौकशी, “हा कोण गं?” मिहीरच्या मृत्यूचा भाग पाहताना आपली आई शेजारी बसून रडत होती, मी जिवंत आहे असं तिला सांगावं लागलं, ही आठवण अमर उपाध्यायने पुढे मुलाखतींत सांगितली. पोटच्या मुलाला शेजारी बसवून ती बाई पडद्यावरच्या मुलासाठी रडली, मग आमच्या आईने रोनित रॉयला महिनोन्‌महिने परका मानलं तर त्यात नवल काय?

‘चार दिवस सासूचे’ने मात्र आम्हाला सांभाळलं. 2001 ते 2013, रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड. तेवढ्या काळात गल्लीतल्या मुली लग्न होऊन गेल्या, लूम विकले गेले. त्या दोघी तशाच रोज संध्याकाळी घरात. अक्काचं मराठी त्यांचं ऐकून सुधारलं. ‘गांधी’तल्या कस्तुरबा म्हणजे रोहिणी हट्टंगडीच, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिच्यासाठी त्या आशाताई देशमुखच होत्या.

2018 मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली शनाया बदलली. रसिका सुनील अमेरिकेला शिकायला गेली, तिच्या जागी ईशा केसकर आली. ईशा म्हणजे ‘जय मल्हार’मधली बानू. देवाच्या बानूने दुसरीच्या नवऱ्यामागे लागणारीचं काम घ्यावं, हे आईला सहन होईना. अक्का नव्या मुलीच्या बाजूने: “तिने काय करायचं? काम आलं, केलं.” हा वाद बरेच दिवस चालला. पुढे रसिका परतली तेव्हा अक्का ईशासाठी हळहळली. मला तेव्हापासून अक्काचंच पटत आलंय. दुसऱ्याने उभ्या केलेल्या माणसात शिरायचं, त्याच घरात त्याच नवऱ्याला त्याच नावाने हाक मारायची आणि पहिल्या दिवसापासून तुलना सोसायची, याला फार धीर लागतो.

मग 2020 ची टाळेबंदी. लूम थांबले, गल्ली पहिल्यांदा इतकी गप्प झाली की संवाद अक्षर न्‌ अक्षर ऐकू येऊ लागले; पण लागायचे ते जुनेच भाग. चित्रीकरणाला परवानगी मिळाली तेव्हा 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. उच्च न्यायालयाने ती अट ऑगस्टमध्ये रद्द केली. आमच्या घरी त्याचा आनंद झाला, कारण आजी-आजोबा नसलेली मालिका आईला मालिकाच वाटत नाही. सप्टेंबरमध्ये साताऱ्यात ‘आई माझी काळूबाई’च्या चित्रीकरणादरम्यान आशालता वाबगावकरांना कोरोना झाला आणि त्या गेल्या. ‘मत्स्यगंधा’पासून रंगभूमी गाजवलेली गोव्याची ही बाई एकोणऐंशीव्या वर्षी सेटवर उभी होती. न्यायालयाचा निर्णय मला आजही योग्यच वाटतो. कामाचा हक्क वयाने संपू नये. पण त्या रात्री आई जेवली नाही.

जानेवारी 2025 मध्ये तेजश्री प्रधानने ‘प्रेमाची गोष्ट’ सोडली आणि मुक्ता म्हणून स्वरदा ठिगळे आली. आईने रिमोट खाली ठेवला. तेजश्री तिची ‘होणार सून’मधली जान्हवी. मधे तेजश्रीनेच केलेल्या शुभ्राच्या भूमिकेत उमा पेंढारकर आली, तेव्हाही आई अशीच रुसली होती.

ज्येष्ठ कलाकारांच्या आठवणी मी हावरटासारखी वाचते, ऐकते. नाटकांचे दौरे, पहिला कॅमेरा, चिडणारे दिग्दर्शक, सगळं त्यात असतं. जागा भरायला आलेल्यांच्या आठवणी मात्र कुणी फारशा विचारत नाही. स्वरदाने त्या घरात पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी सेटवर तिच्याशी आधी कोण बोललं, कुणी चहा पुढे केला, मंगळसूत्र नवं होतं की आधीचंच, हे मला तिच्याकडून ऐकायचं आहे. अक्कालाही.