राघूचा आवाज

शनिवारची सकाळ. हातात चहा, बाहेर मावळातलं धुकं आणि बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागच्या वेळी लोकलमधल्या गर्दीवर लिहिलं होतं, आज जरा घरातल्या गोंगाटावर लिहितो.

आमचं घर कामशेतला. मी आठवडाभर हिंजवडीत कोड पाडतो, वाकडला मित्रांसोबत राहतो आणि शुक्रवारी रात्री लोणावळा लोकल पकडून घरी येतो. घरी आई, बाबा, आजी आणि राघू. राघूला आजोबांनी २०११ साली एका फिरत्या पक्षीवाल्याकडून आणलं. मी तेव्हा आठवीत. पंख कापलेलं, हिरवंगार, चोच लालभडक. त्यात काही चूक आहे असं तेव्हा आमच्या आळीत कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

पोपट आजोबांच्या आवाजात बोलायला शिकला. आजोबा आजीला कधी नावाने हाक मारायचे नाहीत, "अगं ए..." एवढंच. २०२१ मध्ये आजोबा गेले. राघूचं "अगं ए..." मात्र चालूच राहिलं, तोच सूर, तोच शेवटचा हेल. आजी ज्या पद्धतीने वळून बघायची ना, ते बघून आम्ही कोणी काही बोलायचो नाही.

पण बोलणं वेगळं आणि किंचाळणं वेगळं. पोपट पाळलेल्यांना वेगळं सांगायला नको. प्रेशर कुकरची शिट्टी कानाला लावल्यासारखी ती किंकाळी, आणि ती पाच-दहा मिनिटं थांबतच नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून शेजारचे काका राहतात. एमआयडीसीत तिसरी पाळी. सकाळी साडेसातला घरी येणार, चार घास खाऊन झोपणार आणि नेमका तेव्हाच आमचा गवई सुरू होणार. आधी ते हसून सांगायचे, मग गंभीरपणे सांगायला लागले, मग सांगायचेच बंद झाले. गेल्या वर्षी गणपतीत ते आरतीला आले नाहीत. बाबांच्या लहानपणापासून असं कधी झालं नव्हतं. विसर्जनानंतर काकांनी बाबांना दारातच सांगितलं, "आता मी १९२६ ला फोन करणार." १९२६ म्हणजे वन विभागाची हेल्पलाइन.

मी जाम चिडलो. रात्री लॅपटॉप उघडून बसलो, काकांना कायदा दाखवावा म्हणून. निघालं भलतंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि आपल्याकडचा पोपट त्यात संरक्षित आहे. विकत घेणं गुन्हा, पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा. म्हणजे काका बरोबर आणि आम्ही चूक. :(

शोधताना दोन बातम्याही सापडल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका पोपटाला चक्क पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. तो शिव्या देतो अशी एका पंच्याऐंशी वर्षांच्या आजींची तक्रार होती. पोलिसांसमोर पठ्ठ्याने तोंडच उघडलं नाही. शेवटी त्याला वन खात्याच्या ताब्यात दिलं. दुसरी आपल्या पुण्यातली, ऑगस्ट २०२२ ची. शिवाजीनगर भागातल्या एका ज्येष्ठ नागरिकाने शेजारच्या पोपटाच्या आवाजाला कंटाळून खडकी पोलिसांत तक्रार दिली होती. वाचून आधी हसलो. मग आमच्या दारात पोलीस आणि आत आजी, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि हसू गेलं.

कायद्याचं नंतर बघू, आधी काकांची झोप, असं ठरवलं. इंजिनीअर माणूस दुसरं काय करणार? एक्सेल शीट केली. आईला सांगितलं, राघू ओरडला की वेळ लिही, त्याच्या आधी काय झालं ते लिही आणि आपण काय केलं तेही लिही. आई म्हणाली, "मला दुसरे उद्योग नाहीत का?" पण दोन आठवडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला इमानदारीत लिहिलं.

आकडे बघितल्यावर गंमत कळली. राघू दिवसभर ओरडत नव्हता. त्याच्या तीन वेळा ठरलेल्या होत्या. सूर्योदय, सकाळी आठ ते दहा आणि सूर्यास्त. यातली आठ ते दहाची वेळच काकांना छळत होती. तेव्हा बाबा कामाला जातात, आजी देवळात आणि आई स्वयंपाकघरात. पोपट हा थव्यात राहणारा पक्षी. सोबतचे दिसेनासे झाले की तो हाक मारतो, आणि उत्तर आलं की त्याचं काम झालं. आई आतून ओरडायची, "गप्प बस रे मेल्या!" आपल्या दृष्टीने ती शिक्षा, त्याच्या दृष्टीने उत्तर. म्हणजे जो बग आम्ही काढायला बघत होतो, तो आम्हीच रोज नव्याने टाकत होतो.

मग हे बदल केले. पिंजरा काकांच्या भिंतीपासून काढून मागच्या पडवीत नेला. पूर्वी तो टीव्हीच्या खोलीत असायचा आणि मालिका संपेपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत जागायचा. पोपटाला दहा-बारा तासांची झोप लागते, म्हणून अंधार पडला की पिंजऱ्यावर आजीचं जुनं सुती लुगडं. (झोपेसाठी हं, ओरडला म्हणून शिक्षा म्हणून नाही.) सकाळी आठला मक्याचं कणीस किंवा सोलायला मटाराच्या शेंगा, म्हणजे चोचीला उद्योग. आणि सगळ्यात अवघड नियम, किंचाळला तर कोणीही उत्तर द्यायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. हळू शीळ घातली किंवा बोलला तर लगेच उत्तर आणि पेरूची फोड.

पहिले आठ-दहा दिवस आवाज वाढला. नेहमीचं उत्तर येईना म्हटल्यावर त्याने जोर लावला. हे होणार हे वाचलं होतं, म्हणून मी आधीच काकांकडे जाऊन सांगून आलो होतो. काका फक्त "बघू" म्हणाले. पण तिसऱ्या आठवड्यात आठ ते दहाचं किंचाळणं जवळजवळ थांबलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. राघूला येणारं सगळ्यात हमखास 'बोलणं' कुठलं? "अगं ए..." त्यावर फोड मिळते म्हटल्यावर तो दिवसातून तीस-चाळीस वेळा तेच म्हणायला लागला. सुरुवातीला आजी खूश होती. एका रविवारी मला म्हणाली, "हे काही बरं नाही रे. पेरूसाठी बोलावतोय तो मला."

सूर्योदय आणि सूर्यास्ताचं ओरडणं काही केल्या गेलं नाही. ऑक्टोबरात भाताला लोंब्या आल्या की इंद्रायणीच्या खाचरांवर पोपटांचे थवे उतरतात. पहाटे झाडावरून निघतात, संध्याकाळी परत येतात, दोन्ही वेळा आमच्या कौलांवरून. आजी पहाटे पडवीत बसायला लागली होती. थवा ओरडत जायचा, राघू पिंजऱ्याच्या जाळीला चिकटून ओरडायचा आणि थवा दिसेनासा झाला तरी ओरडत राहायचा. त्याला उत्तर मिळायचं नाही.

दिवाळीनंतर आजीच म्हणाली, "तो फोन लाव." मी म्हणालो, काका आता काही म्हणत नाहीत. ती म्हणाली, "काकांसाठी नाही."

वन विभागाची माणसं आली. चौदा वर्षं माणसांत राहिलेला पक्षी लगेच सोडता येत नाही, आधी तपासणी, मग पंखांत बळ, नाहीतर कायम देखभाल, असं त्यांनी नीट समजावलं. आजीने सोबत मटाराच्या शेंगांची पिशवी दिली. त्यांनी ती घेतली. राघू गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलला नाही, अगदी राजुऱ्याच्या पोपटासारखा.

काका संध्याकाळी येऊन बसले, बाबांशी भाताच्या भावाबद्दल बोलले, चहा घेतला. पोपटाचा विषय कोणी काढला नाही.

माझ्या मोबाईलमध्ये राघूचं एक रेकॉर्डिंग आहे, बेचाळीस सेकंदांचं. आजीला सांगितलंय की आहे म्हणून. तिने अजून मागितलेलं नाही. मीही लावलेलं नाही.

असो. चहा गार झाला.