नळी आहे की नाही

१२ सप्टेंबर २०१४, बॉस्टन
तीन महिन्यांची साखर ९.१. मेटफॉर्मिन पूर्ण डोसावर आहे, जोडीला ग्लिपिझाइड. डॉक्टर म्हणाल्या, आता इन्सुलिन, नाहीतर ही चाचणी. एंडोबॅरिअर. देशभरातून ५०० जण घ्यायचेत. नर्सने नमुना हातात दिला. आरपार दिसणारी मऊ नळी, शाळेबाहेरच्या पेप्सीकोल्याच्या पिशवीसारखी, पण दोन फूट लांब. वरच्या टोकाला नायटिनॉलच्या तारेचं कडं, त्याला बारीक आकडे. एकावर बोट दाबून पाहिलं. टोचलं.

१३ सप्टेंबर
संमतीपत्र रात्री वाचून काढलं. नळी तोंडातून आत घालायची. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे आकडे रुतवायचे. खाल्लेलं नळीतूनच पुढे जातं, आतड्याच्या त्या भागाला शिवत नाही. बायपास ऑपरेशननंतर वजन उतरायच्या आधीच साखर उतरते, त्यावरून सुचलेलं. वर्षाने काढायची.
तिघांत दोघांना नळी. तिसऱ्याला नुसती भूल आणि दुर्बीण. कोणाला काय, सांगणार नाहीत.
सुधीर म्हणाला, "स्वतःच्याच पोटात काय आहे ते तुला वर्षभर कळणार नाही?"
सही केली.

२ ऑक्टोबर
झालं. घसा खवखवतोय. आठवडाभर पातळच.

५ ऑक्टोबर
बेंबीच्या वर दुखतंय. नळी असणार.

६ ऑक्टोबर
दुखायचं थांबलं.

२३ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. दोन चकल्या, अर्धा लाडू. दोन तासांनी १७४. गेल्या दिवाळीत २६०च्या वर होती. सुधीर खूश. "आहे बघ आत!" गेल्या वर्षी मी किती लाडू खाल्ले होते ते त्याच्या लक्षात नाही. माझ्या आहे.

१६ नोव्हेंबर
आईचा ठाण्याहून फोन. "उलटी नाही, जुलाब नाहीत, मग कसलं काय आत असणार गं?"

८ जानेवारी २०१५
८.२. वजनही उतरलंय. कॉलर सैल होते, ते बरं वाटतं. पण श्रेय कोणाला द्यायचं? जेवल्यावर चालते मी. भात सोडला मी.

१० फेब्रुवारी
बर्फ. गाड्या बंद. जेवल्यावर बेसमेंटात फेऱ्या.

६ मार्च
केंद्रातून फोन. नवीन लोक घेणं थांबवलंय. नळी बसवलेल्या चौघांच्या यकृतात पू झाला. ताप, थंडी, उजव्या बाजूला दुखणं, काहीही वाटलं तर ताबडतोब कळवा. माझ्यात आहे का, विचारलं. ते तेव्हाही सांगता येत नव्हतं, आताही नाही.
थर्मामीटर आणला.

७ मार्च
९८.४.

८ मार्च
९८.६. उजव्या कुशीवर झोपले नाही.

९ मार्च
रात्री ९९.३. सुधीर चपला घालून तयार. तासाभराने ९८.८. परत काढल्या.

२१ मार्च
पाडवा. श्रीखंड दोन चमचे. पहिल्यांदाच वाटलं, नळी नसलेलीच बरी. आजवर उलटं वाटायचं.

१४ मे
८.५. पुन्हा वर.

३१ जुलै
चाचणीच बंद. पू झालेले आता सात. ज्यांच्यात नळी उरलीय त्यांची काढून घेणार. "तुम्हालाही बोलावू." बोलावू म्हणजे काय? काढायला, की सांगायला?

१८ ऑगस्ट
सांगायला. नळी नव्हतीच.
नर्स "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाली, मग माझ्याकडे बघून थांबली. हसू येईना, रडूही. त्या सातांच्या जागी मी असू शकले असते, चिठ्ठीचा खेळ. ९९.३ वर जागून काढलेली रात्र कशाची?
आईला फोन केला. "मग साखर उतरली कशानं?"
"माझ्यानं."
"मग चढली कशी?"
"तीही माझ्यानंच."

२१ ऑगस्ट
इन्सुलिन सुरू. दहा युनिट, रात्री झोपताना. पेनाची तबकडी फिरवली की कट्-कट् आवाज येतो, खिडकीत आकडा दिसतो. काय आत चाललंय, किती चाललंय, हे तरी कळतंय. सुधीरला मोजायला लावलं. दहाच.