अक्षरांचे वजन

एखादी गोष्ट मोजून मिळू लागली की तिच्याविषयीचे आपले अज्ञान कमी होऊ लागते. नळाला चोवीस तास पाणी असणाऱ्या घरात आंघोळीला किती पाणी लागते हे कुणालाच ठाऊक नसते. टँकरच्या गावात ते लहान मुलालाही ठाऊक असते. आंतरजालाचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे ते सामान्य ग्राहकांसाठी खुले केले तेव्हा ते तासांवर मोजून मिळत असे. पुढे ब्रॉडबँड आले आणि मोजमाप वेळेकडून वजनाकडे सरकले. किती वेळ बसलात याऐवजी किती उतरवून घेतलेत, हा प्रश्न आला. महिन्याला अमुक इतके एमबी, त्यापुढे प्रत्येक एमबीला वेगळा आकार. या वजनाच्या वर्षांनी आम्हांला मराठी ग्रंथव्यवहाराविषयी जे शिकवले, ते एम. ए.च्या कोणत्याही अभ्यासपत्रिकेत नव्हते. ते येथे नोंदवावेसे वाटते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी २००६ साली आमच्या घरी पहिली जोडणी आली, तेव्हा दोघेही तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. योजना पाचशे रुपयांची होती आणि त्यात महिन्याला एक जीबी मिळे. वेग २५६ केबीपीएस, म्हणजे २००४ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड धोरणाने ज्याला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरवले होते, नेमका तेवढा. या वेगाने सेकंदाला फार तर ३२ केबी उतरतात. हिशेब केला तर दिसते की, सलग नऊ तास काही उतरवीत राहिले की एक जीबी संपतो. महिन्याच्या ७२० तासांपैकी नऊ तास! दार उघडे होते, पण त्यातून महिन्याकाठी किती सामान न्यायचे ते ठरलेले होते.

घरात कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचे खाडे लिहिण्याची पद्धत होती. त्याच चौकटींत आम्ही एमबी लिहू लागलो. आई (आमच्यापैकी एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई) रोज रात्री विचारीत, "आज किती गेलं रे?" आंतरजाल म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारले नाही, मात्र महिनाअखेरीला काटकसर करावी लागते, हे त्यांना आमच्याआधी समजले. आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ एवढा काळ हिशेबाबाहेर असे. त्यामुळे जड फायली काकडआरतीच्या आधी उतरवायच्या, हा घराचा नियमच झाला. दोनचा गजर लावून उठायचे, यादीतील फायली उतरवायला लावायच्या आणि पुन्हा झोपायचे. सकाळी चहाआधी मॉडेमचे दिवे पाहायचे. मध्येच वीज गेली असेल तर सगळे पुन्हा दुसऱ्या रात्री.

याच काळात अमेरिकेत कॉमकास्टने १ ऑक्टोबर २००८ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली. त्यावरचा तेथील संताप वाचताना आम्हांला मौज वाटली. त्यांचा एक महिना आम्हांला वीस वर्षे पुरला असता. परंतु मौजेचा भाग सोडला, तर तुलनेची खरी जागा दोन देशांत नव्हती. ती दोन भाषांत होती, आणि ती आम्हांला आमच्या यादीतच सापडली.

यादीत एकीकडे जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' होती. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर तिची साधी मजकूर-फाइल सातशे-साडेसातशे केबींची. आमच्या वेगानेही ती अर्ध्या मिनिटात उतरे. दिवसाउजेडी, कॅलेंडरवर नोंद न करता. दुसरीकडे एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तके. ती होती पानापानांची छायाचित्रे. तीनशे पानांचे पुस्तक तीस-चाळीस एमबी, रंगीत स्कॅन असेल तर शंभरापर्यंत. हेच पुस्तक टंकित मजकूर म्हणून असते, तर पानाला अठराशे चिन्हे धरूनही ते दीड एमबीत मावले असते. ज्ञानेश्वरीचा हिशेब आम्ही मुद्दाम केला. सुमारे नऊ हजार ओव्या, ओवीला सरासरी सत्तर चिन्हे, म्हणजे जेमतेम दोन एमबी. एक जीबीच्या महिन्यात ती अक्षररूपाने पाचशे वेळा घरी आली असती. छायाचित्ररूपाने दहा-पंधरा वेळा.

मर्यादा सर्वांना सारखी होती. एक जीबी इंग्रजी वाचकालाही एक जीबीच. पण त्याच्या एक जीबीत ग्रंथालय मावत होते आणि आमच्या एक जीबीत एखादे कपाट.

हे असे का झाले? मायकेल हार्ट यांनी १९७१ साली इलिनॉय विद्यापीठातील संगणकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित केला आणि त्यातून गुटेनबर्गची सुरुवात झाली. तेव्हा संगणकाची साठवण इतकी अपुरी होती की पुस्तकाचे चित्र ठेवणे परवडणारे नव्हते. ठेवायची तर अक्षरेच ठेवावी लागत. टंचाईने त्यांना चांगले वळण लावले. मराठी पुस्तके संगणकाकडे वळली तोवर साठवण स्वस्त झाली होती, स्कॅनर आले होते, आणि डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासारख्या प्रकल्पांत लक्षावधी पुस्तकांची पाने झपाट्याने चित्रबद्ध होत होती. ते काम मोलाचेच होते. पण चित्रापासून अक्षरापर्यंतचा पुढचा टप्पा आपल्याकडे फार थोड्या पुस्तकांनी गाठला. त्यात फॉन्टांचा घोळ. प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट निराळा. एकाचे टंकन दुसऱ्याकडे उघडले की पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा. त्यामुळे संगणकावर जुळवून छापलेले पुस्तकसुद्धा जालावर येताना पुन्हा छायाचित्र होऊनच आले.

युनिकोडने हा घोळ मिटवला. तेथेही वजनाची एक बारीक गंमत आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे. म्हणून पंधरा बाइट. तोच शब्द रोमन लिपीत सात अक्षरांचा, म्हणून सात बाइट. आमचे एक सहकारी यावर रागावून म्हणाले होते, "म्हणजे आपली भाषा वापरायची तर तिप्पट भाडं?" राग समजण्याजोगा असला तरी येथे तो व्यर्थ होता. जालावरचा मजकूर बहुधा दाबून पाठवला जातो, त्यामुळे प्रत्यक्षातील फरक बराच घटतो. आणि तीन बाइटांनी धरूनही मराठी मजकूर हलकाच राहतो. जड आहे ते चित्र.

पुढे आमची एक जीबीची योजना गेली आणि 'फेअर यूसेज पॉलिसी' आली. ठरावीक वापर झाला की बिल वाढायचे नाही, वेग मंदावायचा. 'फेअर' म्हणजे न्याय्य. पण न्याय्य वापर म्हणजे किती, हे ग्राहकाला जाहिरातीत सहसा दिसत नसे. तेथे 'अमर्याद' हा शब्द मोठा आणि खालची अट बारीक असे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मधील निर्देशात ही मर्यादा आणि त्यानंतरचा वेग स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. घरगुती जोडणीचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असेही सांगितले. भाषेच्या शिक्षकांना यात रस वाटावा. 'अमर्याद' या शब्दाचा अर्थ काय, हे आपल्याकडे एखाद्या कोशाने नव्हे तर नियामकाने विचारले.

घराघरांत फायबर आले तसा आमच्या घरातला हिशेब सुटला. आज अनेक घरगुती योजनांच्या 'अमर्याद' या शब्दाखाली महिन्याला ३,३०० जीबीची अट असते. ती गाठणे आमच्यासारख्यांना कठीण. हा विषय येथे संपला असता. पण २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली आणि आमच्या घरून उठून गेलेली मर्यादा आमच्या वर्गात येऊन बसलेली आम्हांला दिसली.

आमचे बहुतेक विद्यार्थी वाड्यावस्त्यांवरचे. घरी तारेची जोडणी नाही. वडिलांचा किंवा भावाचा मोबाइल, त्यावर रोज दीड जीबी, आणि त्यात दोन-तीन भावंडांचे वर्ग. चित्रासह घेतलेला एक तास अर्धा-एक जीबी सहज खाई. म्हणून आम्ही आवाजाचे मुद्रण पाठवू लागलो, आणि वाचनासाठी तारा�बाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'ची एक स्कॅन प्रत. हा १८८२ चा निबंध अभ्यासाला होता आणि ग्रंथालयाला कुलूप होते. फाइल अठरा एमबींची. दुसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला : "मॅडम, पीडीएफ उघडायच्या आत दादाचा डाटा संपतो. टाईप केलेलं असेल तर पाठवाल का? नुसती अक्षरं चालतील."

नुसती अक्षरे! साहित्याच्या शिक्षकाकडे याहून साधी मागणी कुणी करू शकेल असे वाटत नाही, आणि ती पुरवायला त्या दिवशी आमच्याजवळ काही नव्हते.

आम्ही दोघांनी पाने वाटून घेतली आणि टंकन सुरू केले. एक वाचे, एक टंकित करी. पूर्ण झालेला मजकूर अर्ध्या एमबीच्या आत बसला. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला आणि सिग्नल एका रेघेचा असला तरी पोहोचला. पण त्यानंतरच्या चर्चेत जे घडले ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. विद्यार्थी निबंधात शोध घेऊ लागले. एखादा शब्द किती वेळा येतो, कोणाला उद्देशून येतो, हे मोबाइलवर पाहून सांगू लागले. छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. आमच्या वर्गातील एक दृष्टिहीन विद्यार्थी पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने तो निबंध पहिल्यांदाच स्वतः, दुसऱ्या कुणाला न बोलावता, वाचू शकला. त्याच्यापुढे छायाचित्राचे पान हे कोरेच पान असते. त्याला डाटा कितीही दिला तरी.

स्कॅन प्रतींना आम्ही कमी लेखत नाही. जुन्या प्रतीचे मुद्रण, तिचे शुद्धलेखन, शेवटच्या पानावरील जाहिराती यांना अभ्यासात मोल आहे, आणि पाठभेद ठरवताना मूळ पानाकडेच जावे लागते. प्रश्न एकाऐवजी दुसरे असा नाही. प्रश्न असा की, आपल्या भाषेतील बहुसंख्य जुने ग्रंथ जालावर आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणासाठी आहेत? जिच्या घरी फायबर आहे तिच्यासाठी आहेत. जिला दीड जीबी तिघांत वाटायचा आहे तिच्यासाठी ते असून नसल्यासारखे.

उलट उदाहरणे आपल्याकडेच आहेत. आमच्याच जिल्ह्यातील वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड आज युनिकोडमध्ये वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दागणिक शोधता येतो. ही दोन्ही कामे मंद जोडणीवरही चालतात. शिवाय आता देवनागरी पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारी साधने बरीच सुधारली आहेत. जोडाक्षरांत आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईत ती अडखळतात, आणि तेथेच मराठी जाणणाऱ्या माणसाची गरज लागते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे लोकहितवादी, फुले, ताराबाई, हरिभाऊ, केशवसुत हे सारे मोकळे आहेत. अडचण कायद्याची नाही आणि यंत्राची तर नाहीच. अडचण मुद्रितशोधनाची आहे, आणि ते काम मराठीच्या विभागांनी करायचे नाही तर कोणी करायचे?

गेली काही वर्षे आमच्या विभागात प्रकल्पाच्या गुणांसाठी निबंध मागवण्याऐवजी आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला जुन्या पुस्तकाची वीस पाने शुद्ध करायला देतो. कामाचा वेग फार नाही. विभागाच्या कपाटाला एक तक्ता चिकटवला आहे. त्यात पुस्तकाच्या नावापुढे तीन रकाने आहेत : पाने किती, चित्ररूपात वजन किती, अक्षररूपात वजन किती. पहिले दोन भरायला एक दुपार पुरली. तिसऱ्यात आजवर अकरा आकडे आले आहेत.