दहा हजारांची खाच

उल्हासनगरात कॅम्प तीनमध्ये माझं कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे. विकत घेण्याआधी सल्ला विचारायलाही लोक येतात, त्यात अंबरनाथ-बदलापूरचे आईवडील जास्त. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "यात अजून काय काय येतं?" मी उलट विचारतो, "मुलगा कोणाबरोबर खेळणार?"

हा प्रश्न मला नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमनं शिकवला. जपानी फॅमिकॉम या कन्सोलच्या त्या नकला. कॅसेटवर ९९९९ गेम छापलेले असायचे आणि लावून पाहिलं तर मोजके वीस-तीस. पुढे तेच खेळ, फक्त लेव्हल बदललेली. आम्ही गल्लीत कॅसेटींची अदलाबदल करायचो, म्हणून त्यात खरी मजा होती.

पुढे २००६ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ३ दोन प्रकारांत आलं: २० जीबीचं ४९९ डॉलरला, ६० जीबीचं ५९९ ला. जास्तीच्या शंभर डॉलरमध्ये तिप्पट हार्ड डिस्क, वाय-फाय आणि मेमरी कार्ड घालायच्या खाचा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत त्या खाचा धुळीनं भरलेल्या असत. पण त्या पहिल्या मॉडेलांवर प्लेस्टेशन २ चे खेळ चालायचे, आणि ते चालवायला आत जुन्या यंत्राच्या चिप बसवलेल्या होत्या. वर्षभरातच स्वस्त ४० जीबीचं मॉडेल आलं, तेव्हा कार्डच्या खाचा गेल्या, चारऐवजी दोनच यूएसबी राहिले आणि जुने खेळही बंद झाले. खाचांची चौकशी माझ्याकडे कधी कुणी केली नाही. जुने खेळ चालतील का, हे अजून विचारतात.

आता प्लेस्टेशन ५. ते भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं: डिस्कवालं ४९,९९०, बिनडिस्कचं ३९,९९०. आतली मुख्य चिप तीच, साठवण तीच ८२५ जीबी, त्यातली वापरायला सुमारे ६६७. फरक डिस्क घालायच्या एका खाचेचा. नवा मोठा खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांचा होता. समजा, खेळून झाल्यावर डिस्क विकून दीड हजार सुटले, तर सात खेळांत खाच फिटली. दोन मित्रांनी डिस्क आलटूनपालटून वापरल्या तर त्याच्याही आधी. वर्षभर एकच क्रिकेटचा खेळ खेळणाऱ्या घराला मात्र मी बिनडिस्कचंच घ्यायला सांगतो, तेही ठामपणे.

खाच नंतर बसवू म्हणणाऱ्यांना मी आधीच थांबवतो. पहिल्या मॉडेलमध्ये डिस्क ड्राइव्हचा बोर्ड मूळ मदरबोर्डशी जोडी लावूनच येतो. दुसऱ्या यंत्रातला काढून लावला तर डिस्क वाचत नाही. नंतरच्या स्लिम मॉडेलमध्ये ड्राइव्ह वेगळा मिळतो आणि इंटरनेटवरून एकदा जोडावा लागतो. ही सोय मला खरंच मोलाची वाटते, कारण निर्णय पुढे ढकलता येतो.

गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या एक ताई पहिलं, बिनडिस्कचं मॉडेल घेऊन आल्या. यंत्र ठणठणीत होतं. मुलाच्या सोसायटीतल्या तिघांकडे डिस्कवालं होतं आणि ते आपापसांत खेळ फिरवत होते. "दादा, इथे खाच करून मिळेल का?" त्यांनी विचारलं. मी उघडून बोर्ड दाखवला आणि नाही म्हणालो. त्या बराच वेळ तो बोर्ड बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे विकायचं झालं तर किती येतील?"