अर्ध्या वाटेवरचं फ्लेविन

श्रीखंडासाठी दही टांगलं की खालच्या भांड्यात हिरवट-पिवळं पाणी जमतं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, तीही त्याच्यामुळेच. मी ज्या एन्झाइमांवर काम करतो त्यांच्या पोटात हाच रेणू फॉस्फेटची जोड घेऊन बसलेला असतो; त्या रूपाला आम्ही थोडक्यात फ्लेविन म्हणतो. ओट्टो वॉरबुर्ग आणि वाल्टर ख्रिश्चन यांनी १९३२ साली यीस्टमधून असं पहिलं ‘पिवळं एन्झाइम’ वेगळं केलं. पुढे ह्यूगो थिओरेल यांनी त्यातलं प्रथिन आणि पिवळा भाग सुटे केले, तेव्हा दोन्ही निकामी ठरले. पुन्हा एकत्र आणताच काम सुरू झालं.

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच या वाहक रेणूवर स्वार होऊन जोडीने येतात. पेशीतल्या लोह-गंधकाच्या गुच्छांना मात्र एका वेळी एकच घेता येतो. फ्लेविन बंदी नोट घेऊन सुटे देतं. मायटोकॉन्ड्रियातल्या ‘कॉम्प्लेक्स वन’ या अवाढव्य एन्झाइमाच्या तोंडाशी हेच चालतं: फ्लेविन दोन इलेक्ट्रॉन घेतं आणि एकेक करून गुच्छांच्या रांगेत सोडतं. आपल्या श्वासातल्या ऑक्सिजनकडे जाणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनांची वाट इथूनच सुरू होते.

पण एक इलेक्ट्रॉन गेला आणि दुसरा अजून हातात आहे, त्या क्षणी फ्लेविनचं काय होतं? माझ्या मते या विषयाचा सगळा जीव या अर्ध्या अवस्थेत आहे. नव्या विद्यार्थ्यांना मी ती फ्लॅव्होडॉक्सिन या फ्लेविन बाळगणाऱ्या प्रथिनात दाखवतो. नायट्रोजन सोडून द्रावणातला ऑक्सिजन घालवायचा आणि डायथायोनाइट हे इलेक्ट्रॉन देणारं रसायन थेंबाथेंबाने घालायचं. पिवळं द्रावण आधी हिरवट होतं, मग स्वच्छ निळं, आणि शेवटी तो निळाही उडून फिकट होतं. निळा रंग अर्ध्या अवस्थेचा. मोकळ्या फ्लेविनमध्ये तो टिकत नाही, कारण दोन अर्धे रेणू भेटले की एक पूर्ण भरतो, दुसरा पूर्ण रिकामा होतो. फ्लॅव्होडॉक्सिनमध्ये इलेक्ट्रॉन आला की फ्लेविनच्या एका नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो आणि शेजारचा पेप्टाइड बंध चक्क उलटा फिरतो. ग्लायसीनचा ऑक्सिजन वळून त्या प्रोटॉनला हायड्रोजन बंधाने धरतो. एवढ्याशा वळणावर ही अवस्था स्थिरावते. हे मला आजही विलक्षण वाटतं.

अंतरालाही तितकंच महत्त्व. साधारण १४ अँगस्ट्रॉमपलीकडे इलेक्ट्रॉनची एकाच उडीत जायची गती फारच मंदावते. ग्लुकोज ऑक्सिडेजचं फ्लेविन प्रथिनात खोल गाडलेलं असल्याने, हे एन्झाइम वापरणाऱ्या साखर तपासायच्या पट्ट्यांत बहुधा इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा वेगळा छोटा रेणू घालावा लागतो.

काही एन्झाइमांत फ्लॅव्होडॉक्सिनच्या नेमकं उलट घडतं, अर्धी अवस्था मुद्दाम कमालीची अस्थिर ठेवलेली असते. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम क्लुयव्हेरी’ या जिवाणूत २००८ साली हे उघड झालं. तिथे जोडीतला एक इलेक्ट्रॉन उताराला लागतो, आणि त्याच्या उतरण्यातून मिळालेल्या ऊर्जेवर दुसरा चढ चढून फेरेडॉक्सिन या लोह-गंधकाच्या प्रथिनाकडे पोचतो. पहिला गेल्याबरोबर उरलेला इलेक्ट्रॉन इतका उतावीळ होतो की फेरेडॉक्सिनकडे नेणारी चढाची वाटही त्याला चालते. दोघेही उतारावरून का घसरत नाहीत, त्या वाटेवरचं फाटक नेमकं कोण आणि केव्हा लावतं, याचा शोध अनेक प्रयोगशाळांत चालू आहे, आमच्याही.