गोडदेवच्या नाक्यावर

महाराष्ट्रात गावांची नावे ठेवणाऱ्यांनी कधी झाडाकडे पाहिले, कधी पाण्याकडे, तर कधी गावच्या पाटलाकडे. पण 'गोडदेव' हे नाव ऐकले की वाटते, हे नाव ठेवणारा मनुष्य त्या दिवशी फार खुशीत असला पाहिजे. देव रागावणारे आहेत, नवसाला पावणारे आहेत, जागृत आहेत, कडक आहेत. गोड देव मात्र एवढ्या एकाच गावाच्या वाट्याला आला!

हे गाव पाहण्यास फार लांब जावयाचे नाही. चर्चगेटहून विरारची गाडी धरावी आणि खाडीचा पूल येण्याच्या आधी भाईंदरला उतरावे. उतरावे असे म्हणतो खरे, पण उतरणे आपल्या हाती नसते; गर्दीच आपल्याला फलाटावर आणून ठेवते. पूर्वेला बाहेर पडून रिक्षेत तिघांबरोबर दाटीवाटीने बसले की थोड्या वेळात गोडदेव नाका येतो. माझ्या भाचीने तिथे बिऱ्हाड केले आहे. यंदा दिवाळीपूर्वी चार दिवस तिच्याकडे राहण्याचा योग आला.

आगरी लोकांचे हे जुने गाव. भात, मासळी आणि मीठ यांवर या पट्ट्याचा संसार चालत आला. भाईंदरची मिठागरे एके काळी आगगाडीच्या खिडकीतूनच दिसत. चौकोनी वाफे आणि काठाला मिठाच्या पांढऱ्या राशी. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि गावांच्या भोवती इमारती उभ्या राहिल्या. आता नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिलात तर मराठी, गुजराती, हिंदी, मारवाडी आणि तुळू एवढ्या भाषा कानांवरून जातात. भाचीच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे, आणि चारी बिऱ्हाडांचे देव चार तऱ्हांचे. सगळेच परके, म्हणून कुणीच परके नाही, असा इथला कारभार!

या भागाला परक्यांची सवय मात्र आजची नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, आणि पुढची दोनशे वर्षे या खाडीच्या दोन्ही अंगांना त्यांचा अंमल होता. शिपाई आणि पाद्री एकाच गलबतातून उतरले. देवळे पडली, चर्चे उभी राहिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिकडच्या चर्चांतील घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला अशा घंटा आजही टांगलेल्या दिसतात. धातू तोच, नादही तोच. फक्त ऐकणारा देव बदलला!

पण इतिहासाला तलवारीखेरीज दुसरीही वाट असते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारी बस धरा. तिथले कोळी पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती आहेत. घरात क्रूस आहे आणि तोंडात मराठी बोली आहे. ज्या अंमलात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले तो अंमल जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी श्रद्धा राहिली. जबरदस्तीने आलेली गोष्ट जबरदस्ती संपल्यावर टिकत नाही. तेव्हा टिकली ती कशाने, हा प्रश्न मनात घेऊनच मी गोडदेवला परतलो होतो.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, नाक्यावरच्या चहाच्या दुकानात, त्या प्रश्नाची दुसरी बाजू माझ्यासमोर येऊन बसली.

वीस-बावीस वर्षांचा तरुण. पाठीवर पिशवी, डोळे बारीक आणि हसरे. मिझोरामहून आला होता. त्यांच्या चर्चमधली आठ-दहा मुले धर्मसेवेच्या प्रवासाला निघाली होती आणि पंधरा दिवस मुंबईच्या आसपास होती. त्याची हिंदी माझ्या हिंदीइतकीच मोडकी, त्यामुळे आमचे लगेच जमले. निम्मा चहा होईपर्यंत तो पावसाविषयी बोलला. मग कप खाली ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा ताठ होत म्हणाला, "अंकल, येशूविषयी दोन शब्द सांगू का?"

अशा वेळी आपण मध्यमवर्गीय माणसे काय करतो? घड्याळाकडे पाहतो. विमा-एजंट आणि धर्मोपदेशक यांना आपल्याकडे एकच उत्तर असते, "पुन्हा कधी तरी." पण मला घाई नव्हती, आणि तो 'सांगू का' असे विचारत होता. मी म्हणालो, "सांग. पण मग मीही एक गोष्ट सांगेन, ती तू ऐकायचीस."

त्याने सांगितले. पाठ केलेले होते, पण घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे सांगितले. ते ऐकून घेतले आणि मी त्याला रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगितली.

१८९३ सालची गोष्ट. नारायण वामन टिळक, कोकणातल्या चित्पावन घराण्यातले कवी, नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरणे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच शिरणे. पण या गृहस्थाने हसून जागा करून दिली. बोलणे निघाले ते कवितेवरून. दोघेही रंगले. मग त्या गृहस्थाने ख्रिस्ताविषयी टिळकांचे मत विचारले, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि जाताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. आपले नाव त्याने सांगितले नाही. टिळकांना ते शेवटपर्यंत कळले नाही.

टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींना मराठी भजने दिली, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत राहिले.

एवढे सांगून मी थांबलो. गोष्ट त्याच्या बाजूची होती. तो खूश होईल असे वाटले. खूश झालाही. पण क्षणभराने त्याने विचारले, "आणि त्यांची बायको?"

मला तो मुलगा त्या प्रश्नासाठी आवडला. कारण या गोष्टीचा खरा भार तिथेच आहे. आगगाडीतला परका आपल्या स्टेशनावर उतरून गेला. बिल आले ते लक्ष्मीबाईंच्या नावावर. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सोवळ्या-ओवळ्याच्या कडक घरात वाढलेली ती बाई. एके दिवशी कळले की नवरा ख्रिस्ती झाला. तो जिवंत आहे, प्रेमळ आहे, पत्रे लिहितो आहे. आणि तरी त्याच्या घरी जाणे म्हणजे आईबापांचे सगळे जग सोडणे. नाशिक, पंढरपूर असे नातलगांच्या आधाराने, पदरात लहान मुलगा घेऊन, तिने काही वर्षे काढली. पुढे ती नगरला नवऱ्याकडे गेली, तीही आपला धर्म घेऊनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे तिला तिच्याच विचाराने पटले, आणि १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सारे तिने 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेवले. १९३४पासून त्याचे भाग निघाले. आपल्या भाषेतले इतके निर्मळ आत्मचरित्र दुसरे क्वचितच सापडेल. रडविते आणि त्याच पानावर हसविते.

तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडे संध्याकाळी वहीत लिहायचे असते, आज किती जणांशी बोललो ते. त्या माणसांच्या घरी कोण कोण आहे, हे वहीत विचारलेले नाही."

यावर मी काय बोलणार? मी त्याला आणखी एक चहा सांगितला.

मग तो त्याच्या डोंगरांविषयी बोलू लागला. ११ जानेवारी १८९४ रोजी लॉरेन आणि सॅव्हिज असे दोन इंग्रज नदीतून होडीने सायरांगला येऊन उतरले. मिझो लोकांना तेव्हा लिपी नव्हती. या दोघांनी ती भाषा शिकून रोमन लिपीत बसविली. २०११च्या जनगणनेत मिझोराममधली शेकडा सत्त्याऐंशी माणसे ख्रिस्ती होती. त्याच्या पणजोबाच्या घरीही कधी तरी कुणी परका येऊन बसला होता. "म्हणून मी निघालो," तो म्हणाला. "कुणी तरी निघाले होते, म्हणून आम्हांला अक्षर मिळाले."

मी मनाशी हिशेब केला. १८९३ला ती आगगाडी, १८९४ला ती होडी, १८९५ला टिळकांचा बाप्तिस्मा. देशाच्या दोन टोकांना एकाच वेळी परकी माणसे परक्यांशी बोलत होती. एका टोकाला सगळ्या लोकांना अक्षर मिळाले. दुसऱ्या टोकाला मराठीला एक कवी नव्याने मिळाला आणि एका बाईची चूल पाच वर्षे दुभंगली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणारा माणूस धर्माचा असो वा धर्मविरोधी, मला अर्धाच वाटतो.

आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. प्रसार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. कायद्याची रेघ अशी आहे. पण चहाच्या टेबलावर कायदा कुणी उघडत नाही. तिथे रेघ आपली आपणच ओढावी लागते.

ती कोठे ओढावी? चारशे वर्षांपूर्वी गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीला नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी विचारले, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरे काही का देत नाही? त्या माणसाने तो प्रश्न मनावर घेतला. मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. ज्यांना सांगावयाचे त्यांचेच शब्द, त्यांचाच छंद! सांगणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याकडून काही घेतले होते.

उत्तनमधल्या श्रद्धेचे उत्तर मला इथे सापडते असे वाटते. शिपायांचा हुकूम खाडीपलीकडे गेला. पण जे सांगणे कोळ्यांच्या बोलीत, त्यांच्या गाण्यांत आणि होड्यांत मुरले, ते राहिले. ते आता कुणाचे दिलेले नाही, त्यांचेच आहे.

भाचीच्या मजल्यावर दिवाळीच्या पहिल्या दिवशी फराळाची ताटे फिरली. रुमाल झाकलेली ताटे चारी दारांत गेली. आमच्या घरचे ताट समोरच्या ख्रिस्ती बाईंकडेही गेले. चकल्या घेऊन त्यांनी ताट धुऊन पुसून ठेवले, पण परत केले नाही. भाचीला म्हणाल्या, "रिकामे कसे देऊ ग? नाताळात भरून देते."

भाची ते ताट मोजत नाही. ते येणार, हे तिला ठाऊक आहे.